यजमान नगराचे ऋण

भारतीय संस्कृतीत तीर्थयात्रेला अनन्यसाधारण स्थान आहे. घरदार, शेतीवाडी आणि मुलेबाळे यांच्या व्यापातून काही दिवस बाजूला होऊन माणूस देवाच्या दारी जातो. दर्शन क्षणभराचे असते. त्या क्षणासाठी तो परक्या गावात एक-दोन दिवस राहतो, तेथील पाणी पितो, तेथील रस्त्यांवरून चालतो आणि तेथील माणसांच्या नित्याच्या जीवनात वाटेकरी होतो. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे भाविकांना परिचित आहेत. परंतु ज्या गावात देव नांदतो, त्या गावाचेही काही ऋण यात्रेकरूच्या माथी राहते, हा विचार सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. अतिथीला देव मानावे, ही शिकवण यजमानाला लहानपणापासून दिली जाते. अतिथीने यजमानाच्या घरी कसे वागावे, याविषयी मात्र त्यामानाने फारच थोडे ऐकू येते.

तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थ पाण्यात उतरण्याची जागा, नदीचा उतार, असा आहे. म्हणजे तीर्थाची कल्पनाच पाण्यापासून सुरू झाली. पूर्वी यात्रा पायी किंवा बैलगाडीने होत असे. येणारा मोजका, चालून थकलेला आणि थोडक्यात समाधान मानणारा असे. आता सकाळी निघून संध्याकाळपर्यंत तीन क्षेत्रे करता येतात. यात्रेकरू आणि पर्यटक यांच्यातील सीमारेषा पुसट झाली आहे आणि शासनाच्या आराखड्यांत ‘तीर्थक्षेत्र विकास’ व ‘शाश्वत पर्यटन’ हे शब्द शेजारी-शेजारी बसू लागले आहेत. शाश्वत विकास ही संकल्पना संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने १९८७ च्या अहवालात मांडल्यानंतर सर्वतोमुखी झाली. आजच्या पिढीने आपली गरज भागविताना पुढील पिढ्यांच्या गरजांवर घाला घालू नये, असा तिचा आशय आहे. तीर्थनगरांच्या बाबतीत मात्र पुढील पिढीपर्यंत जाण्याचीही आवश्यकता भासत नाही. आज, याच दिवशी, भक्तनिवासाच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या कुटुंबाच्या घागरीचे काय, हा प्रश्न आधी उभा राहतो.

हा प्रश्न लातूरइतका स्पष्टपणे क्वचितच कोठे उभा राहिला असेल.

लातूर हे प्राचीन नगर. राष्ट्रकूट राजे ज्या ‘लट्टलूर’चे स्वामी म्हणून स्वतःचा गौरव करीत, ते हेच नगर असे मानले जाते. श्री सिद्धेश्वर हे येथील ग्रामदैवत असून महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. सुरतशाहवली दर्ग्याचा उरूसही पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. परंतु नगररचनेचा विचार करणाऱ्यास लातुरात सर्वाधिक शिकवून जाते ती गंजगोलाई. निजामाच्या राजवटीत, १९१७ च्या सुमारास, नगररचनाकार फैजुद्दीन यांनी आखलेल्या या वर्तुळाकार बाजारपेठेच्या मध्यभागी अंबाबाईचे मंदिर आहे आणि गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. सोने, पादत्राणे, मिरची, गूळ, खाद्यपदार्थ असे निरनिराळे बाजार या रस्त्यांच्या कडेने वसले. परगावचा शेतकरी कोणत्याही दिशेने आला तरी त्याला आपला बाजार सापडावा, खरेदी आटोपल्यावर मध्यभागी देवीला हात जोडावेत आणि दुसऱ्या रस्त्याने परत जावे, अशी ही सोय होती. आज वाहनांच्या आणि हातगाड्यांच्या गर्दीत ती रचना शोधावी लागते. पण तिच्यामागील विचार आजही कालबाह्य झालेला नाही. बाहेरून येणारा माणूस कोठून येईल, कोठे थांबेल आणि कोठून जाईल, याचा विचार तो येण्यापूर्वी झाला होता. मंदिर, बाजार आणि वस्ती यांना एकमेकांच्या अंगावर चढू दिले नव्हते. शंभर वर्षांपूर्वी, पर्यटन नियोजन हा शब्दही रूढ नसताना, हे घडले.

तुळजापूरची भवानी, अंबाजोगाईची योगेश्वरी, परळीचा वैद्यनाथ आणि नांदेडचा सचखंड गुरुद्वारा या क्षेत्रांच्या जवळपास मध्यावर लातूर वसले आहे. त्यामुळे स्वतः मोठे तीर्थक्षेत्र नसतानाही हे नगर यात्रेकरूंचा विसावा ठरले. शिवाय ‘लातूर पॅटर्न’च्या ख्यातीमुळे राज्याच्या कानाकोपऱ्यांतून विद्यार्थी येथे येऊन राहतात. बाजारासाठी शेतकरी आणि उपचारांसाठी आजूबाजूच्या तालुक्यांतील रुग्णही येतात. थोडक्यात, लातूर हे पाहुण्यांचे शहर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार होती. पाहुणे अशा गणनेत कधीच पूर्णपणे उतरत नाहीत. पाण्याच्या टाकीला मात्र ते सर्व दिसतात.

२०१६ साली ही टाकी रिकामी झाली. लातूरला पाणी देणारे धनेगावचे मांजरा धरण सलग अवर्षणाने कोरडे पडले. नळ बंद झाले आणि टँकर हाच आधार राहिला. त्या वर्षी महाशिवरात्र ७ मार्चला होती. त्याच महिन्यात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचे कलम १४४ लावण्याची वेळ प्रशासनावर आली. अनेक विद्यार्थी आपापल्या गावी परतले. १२ एप्रिल रोजी मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली व एका फेरीत पंचवीस लाख लिटर पाणी मिळू लागले. ऑगस्टपर्यंत अशा शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या.

पंचवीस लाख लिटर हा आकडा ऐकताना मोठा वाटतो. शहराच्या लोकसंख्येने त्याला भागले असता दरडोई साडेसहा लिटर येतात, म्हणजे अर्धी घागर. भुयारी गटारे असलेल्या शहरासाठी दरडोई दररोज १३५ लिटर पाणी धरावे, असे पाणीपुरवठ्याच्या नियोजनाचे मान आहे. भक्तनिवासातील किंवा लॉजमधील पाहुणा शॉवरखाली दहा मिनिटे उभा राहिला तर पाच-सहा बादल्या पाणी सहज वाहून जाते. त्या दिवसांत ते पाणी डझनभर लातूरकरांच्या वाट्याचे होते. येथे कोणावर दोषारोप करण्याचा हेतू नाही. शॉवरखाली उभ्या राहणाऱ्या माणसाला हे गणित ठाऊक नसते, कारण ते त्याच्यासमोर कोणी मांडलेलेच नसते. त्याने खोलीचे भाडे भरलेले असते आणि भाड्यात पाणी आले, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

प्रश्नाचे नैतिक स्वरूप येथून उलगडू लागते. तहानलेल्याला पाणी नाकारणे हे आपल्याकडे महापाप मानले जाते. वैशाखात पाणपोई घालणे, वाटेवर बारव बांधणे, धर्मशाळा उभारणे ही पुण्यकर्मे होत. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचे नाव देशभरातील घाटांशी, विहिरींशी आणि धर्मशाळांशी जोडले गेले ते याच भावनेतून. तेव्हा दुष्काळी गावाने यात्रेकरूला ‘येऊ नका’ म्हणावे काय? आणि गावाने तसे म्हटले तर तो अधर्म ठरेल काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना तहान आणि सुखसोय यांच्यात भेद करावा लागतो. पाणपोईवरील तांब्याभर पाणी तहानेसाठी असते. ते मागण्याचा अधिकार प्रत्येक वाटसरूला आहे व तो कोणत्याही दुष्काळाने संपत नाही. कितीही कोरडे पडलेले गाव तांब्याभर पाण्याला ‘नाही’ म्हणत नाही, हा मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील अनुभव आहे. दिवसातून दोनदा स्नान, रोज धुतलेल्या चादरी, हिरवळीवरील कारंजे आणि मोटारी धुण्याची सोय ही तहान नव्हे. पूर्वीचा यात्रेकरू शिदोरी बांधून निघत असे. धर्मशाळेत त्याला मिळे ती ओसरी आणि बारवेचे पाणी. ते पाणी तो स्वतः शेंदून काढी. हातांना कळ लागली की पोहरा आपोआप थांबत असे. नळाची तोटी हाताला कळ लागू देत नाही. वापराला शरीरानेच घातलेली मर्यादा यंत्राने काढून घेतल्यावर ती मर्यादा आता विवेकाने किंवा नियमाने घालावी लागते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. यात्रेकरूंवरच गावाचे पोट चालते, असे म्हटले जाते. फूलवाली, प्रसादाचे दुकान, रिक्षाचालक, खानावळ आणि लॉजचा नोकरवर्ग यांची वर्षाची बेगमी यात्रेच्या दिवसांत होते. पाहुण्यांची संख्या कमी करा, असे सांगणारा या माणसांच्या चुलीत पाणी ओततो. हे खरे आहे व त्याकडे डोळेझाक करून नियोजनाच्या गप्पा मारणे शोभत नाही. तथापि ज्याचा गल्ला भरतो आणि ज्याची घागर रिकामी राहते, ती माणसे बहुधा निराळी असतात. खोल्या भाड्याने देणारा टँकर विकत घेऊ शकतो. मंदिरामागील झोपडीत राहणारी, पहाटे परिसर झाडणारी बाई तो घेऊ शकत नाही. यात्रेचा लाभ काहींच्या पदरात आणि तिचा भार दुसऱ्यांच्या डोक्यावर, अशी वाटणी होत असेल, तर ‘गावाला फायदा होतो’ या वाक्यातील गाव म्हणजे नेमके कोण, हे विचारले पाहिजे.

ही विषमता जुन्या कायदेकर्त्यांच्याही लक्षात आलेली होती. यात्रेच्या ठिकाणी रेल्वेने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांवर टर्मिनल कर बसविण्याचा कायदा संसदेने १९५६ साली केला. महाराष्ट्रातील नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमातही ठरावीक काळी क्षेत्रास येणाऱ्या यात्रेकरूंवर कर बसविण्याची तरतूद आहे. यात्रेमुळे गावाला जो खर्च सोसावा लागतो, त्यातील काही वाटा येणाऱ्याने उचलावा, हा न्याय नवा नाही. मात्र कराच्या पैशातून पाणी निर्माण होत नाही. पैसे घेऊन टँकर येतो तो दुसऱ्या एखाद्या गावच्या विहिरीतून, आणि त्या गावाला यात्रेचे ना पुण्य मिळते ना उत्पन्न.

नांदेडचे उदाहरण या संदर्भात लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली गोदातीरी नांदेड येथे ज्योतीत विलीन झाले आणि तत्पूर्वी त्यांनी श्री गुरू ग्रंथसाहिबांस गुरुपद दिले. या घटनेला २००८ साली तीनशे वर्षे पूर्ण झाली व ‘गुरू-ता-गद्दी’ सोहळ्यासाठी देश-विदेशांतून लाखो भाविक नांदेडला आले. केंद्र शासनाने डिसेंबर २००५ मध्ये सुरू केलेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात मुंबई, पुणे, नागपूर व नाशिक या मोठ्या शहरांबरोबर तुलनेने लहान असलेल्या नांदेडचा समावेश झाला, तो प्रामुख्याने या तीर्थमहात्म्यामुळे. सोहळ्याच्या निमित्ताने रस्ते रुंद झाले, घाट बांधले गेले, पाणीपुरवठा व मलनिस्सारणाची कामे हाती घेतली गेली, गरिबांसाठी घरकुले उभी राहिली आणि विमानतळ सुरू झाला. एरवी पंचवीस वर्षे लागली असती अशी कामे दोन-तीन वर्षांत मार्गी लागली.

पाहुणा येणार म्हणून घर सारवावे, ही आपली रीतच आहे. सारवलेल्या घरात पुढे राहतात मात्र घरचेच. म्हणूनच नांदेडच्या विकासाचे मूल्यमापन सोहळ्याच्या दिवशी किती गर्दी सुरळीत पार पडली यावर थांबू नये. पाहुणे गेल्यानंतर नांदेडकरांच्या हाती काय उरले, ते पाहावे. रस्ते आणि पूल उरले, त्यांचा लाभ रोज होतो. रुंदीकरणात ज्यांची घरे व दुकाने गेली, त्यांच्या दृष्टीने हिशोब वेगळा आहे आणि कोणत्याही क्षेत्राच्या विकास आराखड्यात तो हिशोब पहिल्या पानावर असावयास हवा. गोदावरीत मिसळणाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न तर घाट सुंदर झाल्यानंतरही सुटला नाही. घाट डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याला निधी मिळतो. जमिनीखालची गटारवाहिनी दिसत नाही, तिचे उद्घाटन करावयास कोणी येत नाही, आणि दहा वर्षांनी तिच्या देखभालीसाठी लागणारा पैसा कोणत्याच सोहळ्याच्या अंदाजपत्रकात नसतो. ज्या पाण्यात भाविकाने श्रद्धेने स्नान करावयाचे, त्याच पाण्यात त्याच्या निवासाचे सांडपाणी जाणे हा निव्वळ तांत्रिक दोष म्हणता येणार नाही.

तरीही नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील एक जुनी रीत नियोजनकारांच्या कोणत्याही अहवालापेक्षा अधिक सांगून जाते. लंगरमध्ये जेवायला बसलेला भाविक काही वेळाने उष्टी भांडी घासायला किंवा पोळ्या लाटायला बसलेला दिसतो. तो कोणत्या गावचा, किती श्रीमंत, हे कोणी विचारीत नाही. अतिथी आणि यजमान या दोन भूमिका त्याच्या ठायी एक होतात. भांडी घासणाऱ्याला पाणी किती लागते हे कळते आणि अन्न किती वाया जाते हेही दिसते. हिंदू देवस्थानांच्या अन्नछत्रांतही सेवेची परंपरा आहे, तथापि अनेक ठिकाणी ती पावतीपुस्तकापुरती आकुंचित झाली आहे, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

लातूरहून पंढरपूरकडे जाणारा लोहमार्ग या विषयाला आणखी एक पैलू देतो. बार्शी लाइट रेल्वे ही अरुंद मापाची गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी दरम्यान सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. मराठवाड्यातील वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या या गाडीने विठ्ठलदर्शनाला गेल्या. पुढे मार्ग रुंद झाला आणि २०१६ साली मिरजेहून निघालेली पाण्याची गाडी याच मार्गाने, पंढरपूर ओलांडून, लातूरला आली. ज्या रुळांवरून लातूरचे लोक शंभर वर्षे पाहुणे म्हणून पंढरीला गेले, त्याच रुळांवरून दुसऱ्या खोऱ्यातील पाणी त्यांच्याकडे आले. मिरज-सांगलीकडील लोकांनी तेव्हा आपल्या नदीचे पाणी दिले. यजमान कोण आणि याचक कोण, हे कायमचे ठरलेले नसते.

पंढरपूर हे एक लाखाच्या आसपास वस्तीचे नगर. आषाढी एकादशीला त्याच्या अनेक पटींनी वारकरी तेथे येतात. या महासमुदायाने चंद्रभागेच्या वाळवंटात मागे ठेवलेली घाण दुसऱ्या दिवशी कोण उचलते, हा प्रश्न भक्तीच्या वर्णनात फारसा येत नाही. हाताने मैला उचलण्याच्या अमानुष प्रथेवर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. पंढरपुरातील या प्रथेचा आणि वाळवंटातील अस्वच्छतेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यानंतर वाळवंटाबाहेर पासष्ट एकर जागेत दिंड्यांच्या मुक्कामाची व शौचालयांची सोय झाली. जी गोष्ट भाविकांनी आणि व्यवस्थापनांनी स्वतःहून करावयास हवी होती, ती न्यायालयाच्या दारातून यावी लागली.

संत गाडगेबाबा यांना हे फार आधी उमगले होते. ते पंढरपूरला जात तेव्हा हातात खराटा असे. लोक देवळाच्या रांगेत उभे राहत आणि बाबा रस्ते झाडीत. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या आणि मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही निवारा उभा केला. १९५६ साली त्यांचे निर्वाण झाले. त्यांच्या धर्मशाळा हे आजच्या भाषेत पर्यटन नियोजनच होते. गरीब माणूस यात्रेला येणारच, तो उघड्यावर झोपणार, उघड्यावर शौचास बसणार, आजारी पडणार आणि गावालाही आजारी पाडणार. तेव्हा त्याच्यासाठी आधी छप्पर आणि झाडलेली जमीन, मग उपदेश, असा त्यांचा क्रम होता.

गरीब यात्रेकरूचा विचार येथे मुद्दाम केला पाहिजे, कारण पर्यटकांची संख्या मर्यादित करण्याचे जे उपाय जगात योजले जातात, ते बहुधा त्याच्याच मुळावर येतात. इटलीतील व्हेनिस नगराने २०२४ पासून ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्या पाहुण्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घेण्यास सुरुवात केली. त्या नगरातील मूळ रहिवासी वर्षानुवर्षे बाहेर पडत आहेत, म्हणून तेथील चिंता समजण्यासारखी आहे. आपल्याकडे सिमला येथे २०१८ च्या उन्हाळ्यात पाण्याची तीव्र टंचाई झाली, तेव्हा सिमल्याचे रहिवासीच पर्यटकांना ‘यंदा येऊ नका’ असे सांगू लागले. थंड हवेच्या ठिकाणी असे सांगणे चालून जाईल. परंतु कुलदैवताच्या दर्शनाला निघालेल्या शेतमजुराला, ज्याने वर्षभर पै-पै साठविली आहे, त्याला शुल्क लावून किंवा दार लावून परत पाठविणे कोणत्या न्यायात बसते? तो भाकरी बांधून येतो, मंडपात झोपतो व दोन तांबे पाण्यात हात-पाय धुऊन दर्शनाला उभा राहतो. वातानुकूलित खोलीत उतरणारे एक कुटुंब अशा अनेक माणसांइतके पाणी वापरते. शुल्क लावले तर राहील ते कुटुंब. मजूर तेवढा गळेल.

म्हणून क्षेत्राची धारणक्षमता ठरविताना माणसे मोजण्याऐवजी बादल्या मोजणे अधिक न्याय्य आहे. दर्शनाला मर्यादा घालण्याची वेळ शक्यतो येऊ नये. सुखसोयींना मर्यादा घालण्याचा अधिकार मात्र गावाला आणि देवस्थानाला निश्चितपणे आहे. खोलीभाड्यात ठरावीक बादल्यांपुरतेच पाणी धरावे आणि त्यापुढील वापराचा दर चढा ठेवावा. ओसरीवर झोपणाऱ्याला शुल्क नको. टंचाईच्या वर्षी शॉवर बंद ठेवून बादली-तांब्या द्यावा व त्याचे कारण दारावर लिहावे. कारण समजले की माणूस सहसा कुरकुर करीत नाही.

नियोजनात पंचांगाचाही विचार व्हावयास हवा. आषाढी वारी पावसाळ्यात येते. गुरू-ता-गद्दीचा सोहळा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पावसाळ्यानंतर, आला. लातूरची महाशिवरात्र मात्र धरणाचा साठा उतरणीला लागल्यावर येते आणि चैत्रातील यात्रा तर ऐन टंचाईत भरतात. तिथी बदलता येत नाही. म्हणूनच दिवाळीच्या सुमारास धरणात किती पाणी आहे हे पाहून महाशिवरात्रीच्या यात्रेचे नियोजन त्याच वेळी ठरावे. दुकानांचे गाळे, निवासाच्या खोल्या, महाप्रसादाच्या पंक्ती या सर्वांचा हिशोब त्या साठ्याशी जोडावा. प्रत्यक्षात बैठक होते ती यात्रेच्या पंधरवड्यापूर्वी, आणि तिच्यात मंडप, बंदोबस्त व स्वागतकमानी यांवर पाण्यापेक्षा अधिक वेळ जातो.

देवस्थानांच्या कारभारातही एक उणीव आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये प्रत्येक नोंदणीकृत न्यासाला आपल्या जमाखर्चाचे लेखापरीक्षण करून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे विवरण पाठवावे लागते. दानपेटीतील नाण्यांचा हिशोब असा काटेकोर असतो. कूपनलिकेतून वर्षभरात किती पाणी उपसले, किती टँकर आणले, ते कोणत्या गावाच्या विहिरीतून आणले आणि सांडपाणी कोठे सोडले, याची नोंदवही कोणी मागत नाही. म्हणून ती कोणी ठेवीतही नाही. वास्तविक भूगर्भातील पाणी ही देवस्थानाची मिळकत नव्हे. ज्या थरातून न्यासाची कूपनलिका पाणी ओढते, त्याच थरातून शेजारच्या घरांची आडविहीर जगते. पाण्याचे मीटर, छतावरील पावसाचे पाणी मुरविण्याची सोय आणि निवासातील स्नानाचे पाणी गाळून बागेसाठी वापरणे या कामांना फार मोठा खर्च लागत नाही. त्यांवर देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी शोभून दिसत नाही, एवढीच काय ती अडचण.

लातूरकरांनी २०१६ च्या त्या उन्हाळ्यात एक काम केले. लोकवर्गणी जमवून मांजरेच्या पात्रातील गाळ काढला, पात्र खोल व रुंद केले. व्यापारी, डॉक्टर, शिक्षक, शेतकरी अशा अनेकांनी त्यात वाटा उचलला. त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस मोठा पाऊस झाला आणि धरण भरले. उसाचे क्षेत्र, नळजोडणीतील गळती असे अनेक प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहिले आणि त्यांची चर्चा अन्यत्र होत असते. परंतु गाळ काढण्याच्या त्या वर्गणीत या नगरातून जाणाऱ्या, येथे उतरणाऱ्या, येथे शिकून मोठ्या झालेल्या पाहुण्यांचा वाटा किती असावयास हवा होता, हा विचार करण्यासारखा आहे.

सातारा जिल्ह्यातील शिखर शिंगणापूर हे शंभू महादेवाचे स्थान माणदेशाच्या दुष्काळी डोंगरावर आहे. चैत्रातील यात्रेला महाराष्ट्राच्या विविध भागांतून शेकडो वर्षे कावडी येतात. सासवडहून निघणारी तेल्या भुत्याची कावड त्यांत विशेष मानाची. कऱ्हेचे पाणी भरलेली ती जड कावड भाविक खांद्यावर घेतात, अनेक दिवस चालतात आणि मुंगी घाटाच्या उभ्या चढावरून, एकमेकांना हात देत, वर चढवितात. चैत्र शुद्ध द्वादशीला त्या पाण्याने महादेवाला अभिषेक होतो. डोंगरावर पाणी नाही, हे ज्यांनी ही रीत घातली त्यांना ठाऊक होते. ते तेथे पाणी मागायला गेले नाहीत. आपल्या नदीचे पाणी खांद्यावर घेऊन गेले.